मुद्दाम नापास

कार्व्हर्टन, पेनसिल्व्हेनिया
६ मार्च २०२३

लाइल लेका,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोनवर झालेलं बोलणं मला दुसऱ्या दिवशी आठवत नाही आणि स्क्रीनकडे बघितलं की डोळ्यांमागे हातोडी सुरू होते. कागद बरा. तुझं उत्तर टेबलावर पडून राहील, विसरलो की पुन्हा वाचीन. अक्षर लागलं नाही तर तुझ्या शाळेतल्या एखाद्या बाईकडून वाचून घे.

लेंटच्या उपासाचे शुक्रवार सुरू झालेत. चर्चच्या तळघरात मासे तळायला दरवर्षीप्रमाणे मीच उभा होतो. मासा तेलात सोडला आणि पुढे काय करायचं असतं तेच सुचेना. झारा हातात तसाच. फादर मायरन मागून म्हणाले, "रूडी, अरे जळतोय तो!" मी विचारलं, "कोण?" रांगेतले सगळे हसले. मीही हसलो, तेवढं अजून जमतं.

पण आता जे लिहितो त्यावर हसू नकोस. जानेवारीत मी नोरीनला उचलून फ्रिजवर आपटलं. ती सांगते म्हणून मला ठाऊक. दुपारी झोपून उठलो होतो, ती मागून आली, आणि मला वाटलं मी अजून फुटबॉलच्या मैदानावर आहे, समोरच्या संघातला कुणी माझ्या बगलेतून निसटून आपल्या चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडे चाललाय. त्या बाईचं वजन माझ्या एका मांडीएवढं आहे. मला तिची भीती वाटत नाही रे, माझी वाटते.

खेळाडूंच्या संघटनेने आमच्यासारख्या जुन्या खेळाडूंसाठी सरोवराकाठी एक घर काढलंय. तिथले मदतनीस आपल्यासारखेच आडदांड आहेत, कुणाला फेकून देता येत नाही म्हणे. मला तिथं जायचंय. पण खेळाने डोकं बिघडलं हे त्यांच्या समितीला पटलं तरच जागा मिळते. म्हणून शहरात जाऊन डोकं तपासून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी क्लबकडून माझ्या जुन्या परीक्षांचे निकाल मागवले. दर ऑगस्टला सराव सुरू व्हायच्या आधी आपल्याला कॉम्प्युटरसमोर बसवायचे, त्या परीक्षा. बाई म्हणाल्या, "मिस्टर वासिल्को, अभिनंदन. सत्ताविसाव्या वर्षी होतात तसेच आज आहात. एका भागात तर सुधारणा आहे!"

तुला कळलंच असेल. तूच शिकवलं होतंस ना? "मास्तर, त्रिकोण दिसला की चौकोन दाब. उत्तर येत असलं तरी जरा थांबून दे. आत्ता हुशारी दाखवलीस तर ऑक्टोबरमध्ये डोकं बधिर झाल्यावर याच आकड्यांशी ताडून बघतील आणि बाकावर बसवतील. आत्ताच ढ हो, म्हणजे नंतर कुणाला फरक दिसायचा नाही." आपली पाच जणांची अख्खी फळी मुद्दाम नापास व्हायची. मी मन लावून नापास व्हायचो. आज त्याचं फळ मिळालं, मला काही झालेलंच नाही.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, असं कुणीही म्हणेल, त्या खोलीत हजर असलेल्या कुणीतरी लिहून द्यायला हवं. फळीतले डच आणि मोझेल गेले. टर्नरला आता स्वतःचं नाव आठवत नाही. उरलास तू. एक पान लिही. आपण मुद्दाम चुकायचो आणि मी खरा कसा होतो, एवढंच.

तुझा
रूडी


मेस्किट वेल्स, टेक्सास
२० मार्च २०२३

मास्तर!

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. ऑफिसातली बाई म्हणाली, "कोच, हे कुणा लहान मुलाचं आहे वाटतं." मी म्हटलं, बाई, हा माणूस एकेकाळी अख्ख्या देशात कुणालाही न हलणारा पहाड होता. अक्षर तेव्हाही असंच होतं.

माशाचा किस्सा वाचून मी इतका हसलो की बायको बघायला आली. विसरण्याचं काय घेऊन बसलास? परवा मी गाडीची किल्ली तासभर शोधली, ती गाडीलाच होती. पन्नाशी झाली रे आपली. नोरीनचं वाचून मात्र वाईट वाटलं. तिला माझा नमस्कार सांग आणि झोपेतून उठल्यावर तुझ्यापासून लांब राहायला सांग.

इथं आमचा वसंतातला सराव जोरात आहे. या गावात शुक्रवारी संध्याकाळी कुणी बँक लुटली तर पोलीस सामना संपल्यावर येतील. आणि एक गंमत सांगू? मैदानाला माझं नाव द्यायचं ठरलंय! ऑगस्टच्या शेवटी, पहिल्या सामन्याच्या दिवशी. लाइल टॅकेट मैदान. माझा बाप याच मैदानाचं गवत कापायचा. तो असता तर त्याचा विश्वास बसला नसता.

परवा पोरांना तुझी गोष्ट सांगितली. बर्फातला तो सामना आठवतो? आपण मागे, वेळ संपत आलेली, लोकांच्या आरड्याओरड्यात स्वतःचा श्वास ऐकू येईना. तू चेंडूवर हात ठेवून वाकलास आणि त्यांच्या उजवीकडच्या पोराकडे बघून म्हणालास, "टाच उचललीय त्याने, येणार तो." सगळी चाल तिथल्या तिथे बदलून ओरडलास. तो आला आणि मी त्याची वाटच बघत होतो. पोरांना म्हटलं, फळीचं डोकं मधल्या माणसाच्या खांद्यावर असतं, बाकी आम्ही नुसते बैल.

त्या पानाचं बघतो. शाळेच्या वकिलाला एकदा विचारलं पाहिजे, मी आता शाळेचा नोकर पडलो. आणि खरं सांग, आपण अगदी मुद्दामच चुकायचो का? सकाळी सातला कुणाचं डोकं चालतं?

तुझा
लाइल


कार्व्हर्टन
१७ एप्रिल २०२३

लाइल,

मैदानाची बातमी वाचली. मनापासून सांगतो, आनंद झाला. तुझ्या बापाला मी भेटलोय, माझ्या हातात हात दिला तेव्हा माझाच दुखला होता. त्याने पाटीसमोर उभं राहून आधी पाटी सरळ लागलीय का ते बघितलं असतं.

ईस्टर झाला. नोरीनने टोपली भरली, हॅम, लोण्याचं कोकरू, बीट घालून किसलेलं तिखट मूळ, सगळं. आशीर्वाद घ्यायला चर्चमध्ये नेली. मी टोपली तिथेच ठेवून दुसऱ्याच बाईची उचलून आणली. घरी आल्यावर कळलं, कारण त्या टोपलीत आमच्यापेक्षा चांगला केक होता. परत द्यायला गेलो नाही. हे मुद्दाम, त्याला समितीच्या पुराव्याची गरज नाही.

टाचेबद्दल तू अर्धंच सांगितलंस पोरांना. नुसती टाच उचलणं काही नाही, सगळेच उचलतात. त्याचा तो पाय मागे सरकला होता आणि पायाची बोटं आत वळली होती. जो खरंच मुसंडी मारणार असतो तो बोटं आत घेतो, नुसतं भिववणारा बाहेर. हे मी आधीच्या दोन सामन्यांच्या फिती बघून पकडलं होतं. तेवढं सांग त्यांना. माझ्या डोक्यातून आज सकाळचं जेवण जातं आणि त्या पोराची बोटं जात नाहीत, हे काय प्रकरण आहे कळत नाही.

मी तुला एका पानाबद्दल लिहिलं होतं का? नोरीन म्हणते लिहिलं होतं. तुझं पत्र टेबलावर आहे, त्यात वकिलाचं लिहिलंयस. वकील कशाला? वकील होता का त्या खोलीत? सकाळी सातला डोकं चालत नव्हतं म्हणतोस, आणि सव्वासातला नाश्त्याच्या टेबलावर तू आमच्याकडून पत्त्यांत सगळं लुटायचास ते कुणाच्या डोक्याने?

चिडून लिहीत नाही. नाही, चिडूनच लिहितोय. आपण दोघांनी नऊ वर्षं खांद्याला खांदा लावून मार खाल्ला. माझ्या डाव्या बाजूला कोण आहे हे मला कधी बघावं लागलं नाही. आता तू एक पान लिहायला मागेपुढे बघतोस. मी मूर्ख नव्हतो एवढं तरी कुणीतरी लिहून ठेवा रे. घराचं नंतर बघू.

आणि ते एका पानाचं विसरू नकोस. मी तुला लिहिलं होतं का त्याबद्दल?

रूडी


कार्व्हर्टन
१२ मे २०२३

लाइल,

मी नोरीन. रूडीला न सांगता लिहितेय. डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षर असं. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. रूडीला सांगितलंय, पायरीवरून पडले. त्याने बिचाऱ्याने दिवसभर बसून पायरी दुरुस्त केली. त्या पायरीला काहीही झालेलं नव्हतं.

तुला आणि मला फिरवून बोलायची गरज नाही. तुझ्या पहिल्या लग्नात माझ्या सासूने आणि मी मिळून बिस्किटांचं अख्खं टेबल मांडलं होतं, तुझ्या टेक्सासच्या पाहुण्यांनी खिसे भरून नेली. तू बरगडी मोडून आमच्या सोफ्यावर महिनाभर पडून होतास. त्यामुळे सरळ विचारते. ते पान तू लिहिणार आहेस की नाही?

समिती २२ जूनला बसते. माझं कुणी ऐकत नाही, मी बायको. रूडीचं ऐकत नाहीत, कारण बिघडलेल्या डोक्याचा माणूस आपलं डोकं बिघडलंय म्हणाला तर ते खरं कसं मानायचं, असा त्यांचा न्याय. तूच एकटा असा आहेस की जो त्याच खोलीत होता आणि आज धडधाकट आहे.

रूडीने एकदाही तुला दोष दिलेला नाही. शिकवलं तू, हे मी म्हणतेय. तो म्हणतो, "लाइलने आमच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून शिकवलं." मलाही ते मान्य आहे. त्या वेळी तुम्ही सगळेच घाबरलेले होतात, बाकावर बसलेल्याची जागा दुसरा घेतो हे सगळ्यांना माहीत होतं. तू माफी मागावीस असं मी म्हणत नाही. मला फक्त माझा नवरा अशा ठिकाणी हवाय जिथे त्याचा माझ्यावर हात पडणार नाही. एक दिवस त्याला कळेल की पायरी ठीकच होती. त्या दिवशी तो स्वतःचं काय करून घेईल याची मला भीती वाटते.

दिवसातून चारदा विचारतो, लाइलचं पत्र आलं का.

नोरीन


मेस्किट वेल्स
२९ मे २०२३

नोरीन,

तुझं पत्र गाडीत बसून वाचलं. घरी नेलं नाही.

तू सरळ विचारलंस, मीही सरळ सांगतो. गेल्या हंगामात माझ्या संघातल्या कॉर्बिन नावाच्या पोराच्या डोक्याला मार बसला. आठवड्याने तीच कॉम्प्युटरवरची परीक्षा घेतली, निकाल थेट ऑगस्टसारखाच आला. म्हणजे ठणठणीत. मी त्याला मैदानात उतरवलं. त्याच सामन्यात दुसरा मार बसला. आता तो शाळेत येत नाही, पडदे ओढून खोलीत पडून असतो. सतरा वर्षांचा आहे. त्याची आई रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर बसते. मागे वळून हसते, विचारपूस करते. तिने मला अजून काहीही विचारलेलं नाही.

मी रूडीसाठी ते पान लिहिलं आणि उद्या ते कुणाच्या हाती पडलं, तर ती विचारील. सगळं गाव विचारील. ज्याने आपल्या दोस्तांना नापास व्हायला शिकवलं तो आमच्या पोरांना काय शिकवतो? तूही आत्ता तेच मनात म्हणतेयस. नको विचारूस.

मला दुसरं काही येत नाही नोरीन. मैदान गेलं तर मी काय करू? बापासारखं गवत कापू?

पण मी रूडीला सोडणार नाही. समितीला काहीतरी लिहितो, त्याचं भलं होईल असं. चांगल्या शब्दांत लिहीन. परीक्षेचा विषय न काढताही त्याला मदतीची गरज आहे हे सांगता येईल. माझ्यावर विश्वास ठेव.

मनगटाची काळजी घे.

लाइल


कार्व्हर्टन
८ जुलै २०२३

श्री. टॅकेट,

पंचवीस वर्षं तुम्हाला अरेतुरे केलं. ते आता जमणार नाही.

समितीचा नकार आला. सोबत तुम्ही पाठवलेल्या पानाची प्रत होती. तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी मी पुन्हा लिहिते, म्हणजे एकदा माझ्या अक्षरात वाचाल. "रूडी वासिल्को हा सोन्यासारखा माणूस आहे, पण बुद्धीने तो पहिल्यापासून मंद. मैदानावर काय करायचं हे त्याला मी शेजारून सांगत असे. आम्ही सगळे त्याला सांभाळून घ्यायचो. तो आज जसा आहे तसाच आम्ही त्याला कायम पाहिला आहे. त्याच्यावर दया करावी." समितीने दया केली. आजारपण जन्मजात दिसतं, खेळाशी संबंध नाही, असं कळवून पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा दिल्यात.

मास्तर हे नाव त्याला कुणी दिलं होतं हो? बर्फातल्या सामन्याचं तुमचं पत्र अजून आमच्या टेबलावर आहे. फळीचं डोकं आणि बाकीचे बैल असं लिहिलंय त्यात. ते मी समितीला पाठवणार होते. आमचा वकील म्हणाला, दोस्तांच्या गप्पांना किंमत नसते, सहीशिक्क्याच्या पानाला असते. तुमचं पान सहीशिक्क्याचं आहे.

तुम्ही त्याच्यापासून काय काय काढून घेतलंत याची यादी करायला बसले होते, सोडून दिलं. घर गेलं ते गेलंच. माझ्या दिराने येऊन माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून दिलीय. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर मी नवऱ्यापासून कडी लावून झोपते आणि तो बाहेरून गुड नाइट म्हणतो. हे कसंही निभावेन. पण त्या माणसाकडे एकच गोष्ट उरली होती, आपण एके काळी हुशार होतो ही. आणि तीच कुणीतरी लिहून द्यावी एवढंच तो मागत होता.

कॉर्बिनच्या आईचा पत्ता शोधणं अवघड नाही. मी शोधलाय. तिला मी काय लिहायचं ते माझं मी ठरवीन.

तुमचं पान मी रूडीला वाचून दाखवणार नव्हते. पण पाकीट त्याच्या हाती लागलं, लाइलचं नाव दिसलं आणि तो हट्टाला पेटला. वाचून दाखवलं. त्यानंतर तो दोन दिवस पत्र लिहीत होता. ते सोबत पाठवते आहे. मी फाडायला घेतलं होतं, पण ते त्याचं आहे, माझं नाही. एकही अक्षर मी सुधारलेलं नाही.

नोरीन वासिल्को


लाइल,

नोरीनने तुझं पान वाचून दाखवलं. मधेच थांबत होती. मी म्हटलं पुढे वाच.

बरं झालं लिहिलंस. किती दिवस वाट बघत होतो. तुला एक सांगतो, कुणाला सांगू नकोस. मला सारखं वाटायचं माझ्याजवळ काहीतरी होतं. चांगलं काहीतरी. आणि ते माझ्या हातून कुठेतरी पडलं. सकाळी उठलो की मी ते शोधतो. गॅरेजमध्ये बघतो, कपाटात बघतो. नोरीन विचारते काय शोधतोस. मला सांगता येत नाही.

आता तू लिहिलंस की मी पहिल्यापासून असाच. म्हणजे काही पडलंच नाही. शोधायला नको.

खूप हलकं वाटलं.

नोरीन मला म्हणते, "हे सगळं खोटं आहे, चाली तूच ओरडायचास." ती रडते पण. बिचारी तिकडे वर प्रेक्षकांत, बायकांमध्ये बसायची, तिला तिथून काय ऐकू येणार? तू माझ्या शेजारी होतास. मी तिला म्हटलं, अगं, लाइल माझ्याबद्दल खोटं कशाला बोलेल?

मला माहीतच नव्हतं की तू मला सांगत होतास. मला वाटायचं मीच करतोय. इतकी वर्षं तू सांभाळून घेतलंस आणि कुणाला कळू दिलं नाहीस, मलासुद्धा नाही. असं कोण करतं रे कुणासाठी?

मी कधी आभार मानले नाहीत, माफ कर. आता मानतो.

रूडी